कुंपणावरच्या लाल चिंध्या

आमच्या घराला आग मामाच्या विडीनं लागली नव्हती. हे मला त्या दुपारपासून माहीत आहे, आणि आजवर मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, दादांना नाही, बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. पुष्कळदा आली, आणि मी तिला चहा पाजून परत पाठवली.

मागच्या महिन्यात एका सोयरिकीच्या बोलणीसाठी हिंगणीला गेलो होतो. जेवणं झाली, सुपारी फिरली. घरधनी म्हातारे होते. गप्पांत माझ्या वडिलांचं नाव निघालं तशी ते उठले आणि आतून जुनी बंदूक घेऊन आले. पिकात रानडुकरं शिरत, त्या काळातला परवाना. आता नळी गंजलेली, घोडा मोडलेला. "लोखंड गेलं पाहा," म्हातारे म्हणाले, "पन लाकूड पाहा. तुमच्याच घरचं काम हाये हे."

मी तो दस्ता, बंदुकीचा तो लाकडी भाग, हातात घेतला. शिसमाचं लाकूड, आणि आत खोलवर तो लाल. वरून लावलेला रंग असतो तसा तो नव्हता. पिकल्या जांभळाच्या गरात असतो तसा, आतून आलेला. माणसांचं लक्ष नाही असं पाहून मी नाक टेकवलं. इतक्या वर्षांनी वास राहतो का? राहत नसावा. मला मात्र आला.

"थोडं तेल मारून देता काय?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "तुमाले येत असन."

"नाही हो," मी म्हणालो. "ते मामाचं काम होतं. मला नाही येत."

हेही खोटंच.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. आम्ही सेलूला राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, सुतार होते. वखरं, तिफणी, दारं-चौकटी हे रोजचं काम. पण वर्ध्याच्या एका बंदूक दुरुस्तीवाल्याकडून त्यांच्याकडे दस्तेही येत. लोखंड दुकानात राही, नुसतं लाकूड आमच्याकडे. फुटलेलं, किडलेलं, पावसाळ्यात फुगलेलं. जवळच्या बोर अभयारण्यातली शिकार तेव्हा बंद झाली होती, पण शेतकऱ्यांच्या बंदुका होत्या. रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं काही बंद झाली नव्हती. दादा लाकूड घडवत, आणि घडवलेल्या लाकडाला रंगतेल देणं हे मामाचं.

मामा आईचा धाकटा भाऊ. सगळे त्याला बापू म्हणत. त्याचं लग्न झालं नव्हतं. आईबाप गेल्यावर आईनंच त्याला आमच्याकडे आणलं होतं. मेव्हण्याच्या घरी राहणारा माणूस कसा राहतो, ते मी त्याच्याकडे पाहून शिकलो. तो कधी दुसऱ्यांदा भाजी मागत नसे. उन्हाळ्यात सगळ्यांच्या खाटा अंगणात पडल्या की मग आपली कोपऱ्यात टाकी. विडी मात्र ओढायचा. अर्धी ओढायची, भिंतीला घासून विझवायची आणि उरलेली कानामागे ठेवायची. आई म्हणे, "बापू, तुह्या कानाले एक दिवस आग लागन." तो म्हणे, "बाई, मंग दुसऱ्या कानानं ऐकीन तुह्या शिव्या."

तेल बनवायचं तर आधी जवस. आमच्या भागात घरोघरी जवसाची चटणी. घाण्यावरचं जवसाचं तेल सहज मिळे. मामा ते काचेच्या बरणीत ओती. मग किराणा दुकानातून आणलेली रतनजोत. रतनजोत म्हणजे मुळ्या. काळसर जांभळ्या, पापुद्रे सुटलेल्या, हातात घेतल्या की कांद्याच्या टरफलासारख्या चुरचुरणाऱ्या. त्या तेलात पडल्या की पहिल्यांदा काहीच होत नसे. मामा बरणी छपरावर उन्हात ठेवी. संध्याकाळी पाहावं तर मुळीभोवती तांबूस धूर उतरलेला असे. दिवसागणिक तो धूर खाली पसरत जाई आणि शेवटी अख्खी बरणी अशी लाल होई की उन्हासमोर धरली तर पलीकडचं अंगण, तुळस, आई, सगळं लाल दिसे. मग त्यात थोडं टर्पिन आणि नखाएवढं मेण.

मुळ्यांचा चोथा मामा फेकत नसे. तो आईचा. आई तो खोबरेलात घालून उकळी आणि ते लाल तेल केसांना लावी. त्यामुळे आमच्या घरात दोन गोष्टींना एकच रंग होता, बंदुकीच्या दस्त्याला आणि आईच्या वेणीला. उशीच्या अभ्र्यावर तो उतरे. तिच्या कुशीत झोपताना माझ्या नाकात जो वास जायचा तोच वास मामाच्या तळव्याला होता. भावाबहिणीचं नातं मला आधी वासानं कळलं, मग शब्दानं.

लाकूड आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं, उठलेले केस काचकागदानं उतरवायचे. मग तळव्यावर चार थेंब घेऊन चोळायचं. तळवा तापेपर्यंत. "लाकडाले तेल पाजाचं नसते बे," मामा मला म्हणे, "त्याले तहान लागू द्याची असते." पिऊन उरलेलं तेल चिंधीनं पुसून घ्यायचं, नाहीतर वर चिकट साय धरते. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पुन्हा तेच. मी कॉलेजात जायला लागलो होतो तोवर दस्ते चोळायचं बरंचसं काम माझ्याकडेच आलं होतं. मामाच्या बोटांचे सांधे धरायला लागले होते. वर्ध्याला मित्रांत बसलो की मी माझे लालसर तळवे खिशात घालत असे.

आणि चिंध्या. काम संपलं की तेलकट चिंध्या बोरीच्या काट्यांच्या कुंपणावर घालायच्या. एकेक, सुटी, पसरून. हा मामाचा एकच नियम होता ज्यात तो कोणाचं ऐकत नसे. "जवसाचं तेल वाळता वाळता तापते," तो सांगे. "मोकळं सोडलं तं त्याचा राग हवेत जाते. गोळा करून दाबलं तं आतल्या आत धुमसून राह्यते. मंग कवा पेटन सांगता नाई येत." मला ते गमतीचं वाटे. काडी न लावता चिंधी पेटते म्हणे! पण नियम होता, म्हणून मी पाळत होतो. आमचं कुंपण बारा महिने लाल चिंध्यांनी भरलेलं असे. शेजारच्या बायका आईला चिडवत, "काऊन वं, तुह्या कुपाटीले गुलमोहर आला काय?"

फाल्गुनातला तो दिवस. ताईच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार होते.

ताई माझ्याहून मोठी. मुलगा देवळीकडचा, मास्तर. माणसं चांगली, हुंड्याचं नाव काढलं नव्हतं. एका पाहण्यात ताईला तो आवडला होता. तिनं तसं कोणाला सांगितलं नव्हतं, पण ती त्या आठवड्यात आरशासमोर नव्हे तर विहिरीवर गाणं म्हणत होती. आज त्याचे काका आणि वडील येऊन पक्कं करणार होते. लग्नातल्या गाद्यांसाठी दादांनी रुई आणून घराला लागून असलेल्या कोठीत भरून ठेवली होती. टिनाच्या छपराखाली, छातीपर्यंत, पांढरी.

आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी मी बसून सगळे दस्ते चोळले होते. सणाआधी परत द्यायचे होते. चिंध्यांचा ढीग पडला. मी तो उचलून कुंपणाकडे निघालो तर आई ओट्यावरून ओरडली, "आज नोको घालू रे त्या कुपाटीवर! पाहुणे येऊन राह्यले. रगताच्या चिंध्या वाटतीन त्याहिले."

"मग कुठं घालू?"

"मागं घाल कुठी बी. दिसल्या नाई पाह्यजे."

मागं म्हणजे परसात, गोठ्याच्या भिंतीवर. तिथे जायला हवं होतं. पण पाहुण्यांची जीप वळणावर दिसत होती, माझे हात कोपरापर्यंत लाल होते, आणि नवा शर्ट घालायचा होता. मास्तराच्या घरच्यांसमोर मला सुताराचा पोरगा दिसायचं नव्हतं, कॉलेजातला भाऊ दिसायचं होतं. खरं कारण तेवढंच. मी चिंध्या एका टोपलीत कोंबल्या, पायानं दाबल्या, टोपली कोठीत रुईच्या ढिगावर ठेवली आणि वर पोतं टाकलं. दार ओढून घेतलं. हात धुतले. मामाचं म्हणणं मला आठवलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. आठवलं होतं. पोतं टाकताना आठवलं होतं.

पाहुणे खुशीत होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे काका बोलके. त्यांना मामा आवडला. दोघं कोठीच्या उंबऱ्यावर सावलीत बसून विड्या ओढत राहिले. "तुमच्या पोरीच्या हाताले चव हाये हो," काका म्हणाले. मामा म्हणाला, "पोहे बाईनं केले, पोरीनं नुसतं मीठ टाकलं. पन मीठ बरोबर टाकलं नं!" सगळे हसले. आतून ताईच्या बांगड्या वाजल्या.

काका उठले तेव्हा मामानंही आपली विडी भिंतीला घासली आणि कानामागे ठेवली. मी ते पाहिलं. एवढी एक गोष्ट मी या डोळ्यांनी पाहिली.

पाहुणे ओट्यावर नारळ घेऊन बसले असतानाच वास आला. जळक्या रुईचा नाही, आधी तेलाचा. करपलेल्या जवसाचा तो कडवट, जड वास. मग टिनाखालून पिवळा धूर. दादांनी दार उघडलं आणि हवा लागताच आतला पांढरा ढीग एकदम भडकला. बादल्या, माणसं, आरडाओरडा. कोठी गेली, लगतचं छप्पर गेलं, दस्ते गेले, काचेची बरणी फुटून लाल तेल भिंतीवरून पेटत खाली आलं. घराचा पुढचा भाग वाचला.

विझल्यावर सगळे अंगणात उभे. मामाच्या भुवया जळाल्या होत्या. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चिंध्या कुठी घातल्या होत्या रे?"

"कुपाटीवर," मी म्हणालो.

त्यानं कुंपणाकडे पाहिलं. बोरीचे काटे उन्हात उघडे होते. एकही लाल धागा नव्हता.

तेवढ्यात दादा आले. "बापू, विडी कुठी फेकली तू?"

मामाचा हात वर गेला. कानाकडे. विझलेली अर्धी विडी तिथेच होती, सगळ्या अंगणाला दिसेल अशी. पण अशा वेळी कोणी कोणाच्या कानाकडे पाहत नाही. हात कानापर्यंत जाऊन थांबला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा शर्ट अजून नवाच होता. मग त्यानं हात खाली घेतला.

"असन भाऊजी," तो म्हणाला. "माहीच असन."

पाहुण्यांनी नारळ तसाच ओट्यावर ठेवला. होकाराच्या बैठकीतच घर पेटलं, यापुढे कोण काय बोलणार. ती सोयरीक तिथंच संपली. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आई मात्र आली, आणि भावासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "माह्या पोरीचं वाटोळं केलं तू बापू. तोंड दाखवजो नोको."

त्या संध्याकाळी मामा जाम गावाला गेला. एका पिशवीत दोन धोतरं. मी बसपर्यंत पोचवायला गेलो नाही.

जामच्या फाट्यावर ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधणारा एक कारखाना होता. तिथे तो फळ्यांना रंधा मारायला लागला. आमच्या घरात त्याचं नाव बंद झालं. आईनं लाल तेल लावणं सोडलं. साधं खोबरेल लावायला लागली, आणि काही महिन्यांत तिचे केस मला एकाएकी पांढरे दिसायला लागले. ते आधीपासूनच पांढरे असणार, रतनजोतीनं झाकलेले.

त्या वर्षी भाऊबीजेला तो आला. ओट्याखाली उभा राहिला. हातात खणाचा कपडा आणि संत्र्यांची पिशवी. आई आतून उठली नाही. त्यानं दोन्ही वस्तू ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "बाई, येतो मंग." संत्री तिथेच सुकली.

दिवे लागायच्या वेळेला आईनं ताट केलं. निरांजन, कुंकू, अक्षता. मला वाटलं मला ओवाळायला ताईला बोलावते आहे. ती अंगणात गेली आणि पश्चिमेला बीजेची बारीक कोर होती तिला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. तिचा भाऊ त्या वेळी जामच्या बसमध्ये बसलेला होता. मी दारात उभा होतो. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पुढे ती जिवंत असेतो दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळत राहिली. ढग असले तर ढगांना.

नोकरी लागल्यावर एकदा मी जामला उतरलो. बोलायचंच असं ठरवून. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मामा वाळला होता, पण मला पाहून असा हसला की जसा मी कालच येऊन गेलो. टपरीवर नेलं. चहावाल्याला म्हणाला, "माहा भाचा हाये. बँकेत हाये. चांगला बनव लेका, पानी नोको टाकू." विडी सोडलेली दिसत होती, कान मोकळा होता.

"बाईचे गुडघे कसे हायेत?"

"दुखतात."

"जवसाच्या तेलानं चोळाव म्हना." मग थांबून, "मी सांगतलं म्हनून नोको सांगजो."

"ताईचं लग्न झालं," मी म्हणालो. "केळझरला दिली."

"ऐकलं. केळझरच्या गनपतीले जाऊन आलो मी तवा. दुरून पाह्यलं घर. चांगलं हाये." मग हसून, "मीठ बरोबर टाकते नं अजून?"

मी ओठ उघडले. त्याच वेळी माझी नजर त्याच्या खोलीच्या मागे गेली. तारेचं कुंपण होतं, आणि त्यावर तेलाच्या चिंध्या वाळत होत्या. एकेक, सुटी, पसरलेली. ट्रकच्या फळ्यांना तेल देऊन झाल्यावरच्या. उन्हात त्या हलत होत्या. मी पाहत राहिलो. मी पाहतोय हे मामानं पाहिलं. त्याला कळलं, आणि त्याला पहिल्यापासून माहीत होतं हे मला कळलं. दोघांच्या मधे आता काहीही लपलेलं नव्हतं. फक्त मी तोंडानं म्हणायचं बाकी होतं.

"चाय थंडी होऊन राह्यली," मामा म्हणाला.

मी चहा प्यालो. माझी बस आली.

आई गेली तेव्हा त्याला कोणीतरी निरोप दिला असावा. नदीवर तो लांब, बाभळीखाली उभा होता. हातात माहेरचं लुगडं. हिरवं, नवं, कागदाची घडी न मोडलेलं. दादांनी मान फिरवली. पण माहेरचं लुगडं घातल्याशिवाय बाई कशी जाणार? माणसं कुजबुजायला लागली. माझ्या हातात विस्तवाचं मडकं होतं. मी ते खाली ठेवलं, बाभळीपर्यंत गेलो, त्याच्या हातातून लुगडं घेतलं आणि आईच्या अंगावर पांघरलं. मागे कोणीतरी म्हणालं, "पोराचं मन मोठं हाये हो. मामाले माफ केलं त्यानं."

ते मी ऐकलं. मडकं उचललं आणि पुढे गेलो.

मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. जामला गेलो तर खोली दुसऱ्याला दिलेली. सामान काय होतं विचारलं तर मालक म्हणाला, "काय असते? रंधा, धोतर, आन एक बरनी. लाल तेलाची. फेकून देल्ली."

मग दादाही गेले. आता त्या अंगणातली ताई तेवढी आहे. केळझरला. तिचं बरं चाललं आहे, नातवंडं आहेत. कोणी काडी पेटवून बेफिकीर फेकली की ती त्यांना गोष्ट सांगते. "आमचा एक मामा होता, विडीवाला. त्याच्या एका विडीनं घर गेलं अन् माही सोयरीक गेली." नातवंडं त्याला विडीवाला मामाच म्हणतात. ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्याही तोंडात तो असाच आहे. मागच्या दिवाळीला मी समोर बसून होतो आणि ती मला म्हणाली, "नाई रे बाळा? तुले तं सारं आठवत असन." मी म्हणालो, "हो."

हिंगणीहून परतताना वर्ध्याला उतरलो. बाजारात रतनजोत मागितली. दुकानदारानं विचारलं, "केसाले काय?" मी हो म्हणालो. जवसाचं तेल आणलं. बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. मुळीभोवती तांबूस धूर उतरताना पुन्हा पाहिला. घरात शिसमाचा एक जुना पाट होता, त्याला चोळलं. तळवा तापला. तळव्याला आईच्या उशीचा वास आला आणि मी गच्चीवर एकटाच बसून रडलो. म्हातारा होत चाललेला माणूस, हात लाल.

चिंध्या मी गच्चीच्या तारेवर घातल्या आहेत. सुट्या, पसरून. बायकोनं विचारलं, हे काय नवीन. म्हटलं, वाळू दे, मग सांगतो.

आईला सांगता येणार नाही. दादांनाही. मामाला सांगायची गरजच नव्हती, आणि त्याची माफी मागायची राहून गेली ती गेलीच. ताई आहे. केळझरला जाऊन, तिच्यासमोर बसून, नातवंडांच्या देखत मला एवढंच म्हणायचं आहे, की चिंध्या मी दाबल्या होत्या आणि मामाची विडी त्याच्या कानामागे विझलेली होती. हे मी अजून म्हटलेलं नाही. एवढं मी देणं लागतो.